पाचव्या खांबाचा आवाज

टक्.

दुपारचं घर अगदी गप्प होतं. वीज गेल्यामुळे पंखाही थांबला होता. त्या शांततेत स्वयंपाकघरातून एवढाच एक आवाज आला.

टक्. मग जरा थांबून, टक् टक्.

मिरची पलंगावर ताडकन उठून बसली. हा आवाज तिने झोपेतसुद्धा ओळखला असता! आईच्या स्क्रू-ड्रायव्हरची लाकडी मूठ फळीवर आपटली की असाच आवाज येतो. म्हणजे ठोक्याचा सराव चाललाय! आणि आपल्याला न उठवता?

ती पावलं न वाजवता दाराशी गेली. आई फरशीवर मांडी घालून बसली होती. तिच्यापुढे सहा फळ्या ओळीने मांडल्या होत्या. आणि भिंतीकडे तोंड करून, डोळ्यांना फडकं बांधून बसली होती पाहुणी.

पाहुणी म्हणजे मिरचीची मावसबहीण. तिच्याएवढीच, बारा वर्षांची. आठ दिवसांपूर्वी सुट्टीसाठी आली होती. तिला चांगलं नाव होतं, पण मिरचीने पहिल्याच दिवशी तिला 'पाहुणी' म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं.

"तीन नंबर," आई म्हणाली. टक्!

"पोकळ," पाहुणी म्हणाली. "पण पूर्ण नाही. डावीकडे पोकळ, उजवीकडे भरीव."

आईचा हात हवेतच थांबला. "हे कसं कळलं गं तुला?"

"डावीकडे आवाज आत जातो आणि तिथेच बसून राहतो, मावशी. परत येत नाही."

आईच्या चेहऱ्यावर हळूच हसू पसरलं. मिरची ते हसू चांगलं ओळखत होती. ते आजवर फक्त तिच्यासाठी असायचं!

"ठरलं तर," आई म्हणाली. "यंदाच्या ठोका स्पर्धेत माझी जोडीदार तू. लाल पट्टा तुला."

"आणि मी?" दारातून मिरची किंचाळलीच.

आई दचकली. "अगं, उठलीस का? तू दोन वर्षं केलंस ना, राणी. यंदा तिला करू दे. तू झुरळ-झेलला उभी राहा."

"मला नकोत तुमची रबरी झुरळं!"

"पोकळ!" टेबलाखालून आवाज आला. तिथे शेपूट बसला होता. शेपूट म्हणजे मिरचीचा सहा वर्षांचा धाकटा भाऊ, जो ताईच्या मागेमागे सगळीकडे जायचा. सध्या तो हातात लाकडी चमचा घेऊन दिसेल त्यावर ठोकायचा आणि निकाल सांगायचा. "ताई, हे टेबल पोकळ आहे!"

"तुझं डोकं पोकळ आहे!" असं ओरडून मिरची पाय आपटत निघून गेली.

मिरचीची आई कीटकनियंत्रणाच्या एका कंपनीत काम करायची. कुणाच्या घरात झुरळं झाली, गोदामात उंदीर शिरले, कपाटाला वाळवी लागली, की पांढरा सूट चढवून, पाठीवर फवारणीचा पंप घेऊन ती निघायची. इतरांकडे वाळवी शोधायची यंत्रं होती. आईकडे मात्र कान होता. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने लाकडावर एक ठोका दिला की आत काय चाललंय ते ती सांगायची. मिरचीला हा ठोका आईने पाचव्या वर्षीच शिकवला होता. वर्गात कुणाची आई डॉक्टर होती, कुणाची शिक्षिका. पण आईकडून असा कान कुणाला मिळाला होता? फक्त मिरचीला!

आणि त्याच संध्याकाळी आई फोनवर मावशीला सांगत होती, "काळजी करू नकोस गं, मजेत आहे ती. आणि काय सांगू, हिचा कान अगदी माझ्यावर गेलाय!"

मिरचीने ते ऐकलं. तिची बारा पोळ्यांएवढी भूक तिथेच मेली.

०

दरवर्षी सुट्टीत शहरातल्या सगळ्या कीटकनियंत्रणवाल्यांची गमतीची क्रीडा स्पर्धा व्हायची. बक्षीस होतं सोनेरी रंग दिलेला उंदराचा पिंजरा! त्यासाठी मोठी मोठी माणसं वर्षभर एकमेकांवर फुरफुरत असायची. सगळ्यात जास्त फुरफुरायचे ते पंपकाका आणि पिंजरेकाका. पंपकाका आईच्या कंपनीचे प्रमुख. पिंजरेकाका दुसऱ्या मोठ्या कंपनीचे. पंपकाकांनी नवा पंप घेतला की पिंजरेकाका दोन घ्यायचे. पिंजरेकाकांनी मिशा वाढवल्या, तर पंपकाकांनी दाढीसुद्धा वाढवली होती!

स्पर्धेच्या आदल्या दिवशी सगळे जुन्या व्यायामशाळेत तयारीला जमले. एकीकडे पाण्याने भरलेले पंप पाठीवर घेऊन दोरीवरून उड्या मारायचा सराव चालला होता. दुसरीकडे सूट-शर्यत. त्यात गेल्या वर्षी पंपकाकांनी दोन्ही पाय पायजम्याच्या एकाच नळीत घातले होते आणि तसेच उड्या मारत पाचवे आले होते.

"पाचवे नाही, सहावे," नियमबुवाने दुरुस्ती केली. नियमबुवा हा पिंजरेकाकांचा मुलगा आणि मिरचीचा वर्गमित्र. मोठे एकमेकांशी धड बोलत नसले तरी या दोघांची गट्टी होती. स्पर्धेची नियमावली त्याला तोंडपाठ होती आणि विचारल्याशिवाय ऐकवायची सवयही होती.

शेपटाने उडी मारून त्याच्या डोक्यावर चमच्याने ठोकलं. "भरीव!"

"बघितलंस?" नियमबुवा खूश झाला.

व्यायामशाळेच्या एका बाजूला प्रेक्षकांसाठी लाकडी गॅलरी होती. सहा जाड खांबांवर उभी. खाली मातीची जमीन आणि वर बाकं. दोनच दिवसांपूर्वी तिला हिरवागार रंग दिला होता. 'रंग ओला आहे' अशी पाटी अजून कोपऱ्यात पडलेली होती. शेवटच्या खेळाला, म्हणजे डोळे बांधून फळ्यांतली वाळवी ओळखायच्या ठोक्याला, गॅलरी उघडणार होती आणि सगळ्यांची कुटुंबं वर बसणार होती.

पाहुणी खांबांशेजारून चालली होती. जाता जाता सवयीने तिने प्रत्येकावर बोटाच्या पेराने ठोकलं. पाचव्या खांबाशी ती थांबली. पुन्हा ठोकलं. कान लावला.

"मावशी, हा खांब जरा ऐक ना!"

आईच्या पाठीवर पंप होता. दोघं जण त्यात पाणी ओतत होते. तिला हलताच येत नव्हतं. "काय झालं गं?"

"याचा आवाज वेगळाच येतोय. त्या तीन नंबरच्या फळीसारखा."

"काय?" पंपकाका हसत सुटले. "अगं पोरी, इथे साठ कीटकतज्ज्ञ उभे आहेत! आणि हा रंग मी स्वतः दिलाय. माझ्या खांबात शिरायची वाळवीची काय हिंमत!"

"मिरची, जरा बघ गं तू," आई म्हणाली.

मिरचीच्या अंगावर रोमांच उभे राहिले. आईने तिला सांगितलं होतं! साठ तज्ज्ञ सोडून तिला! ती ऐटीत खांबाशी गेली आणि ठोकलं.

टक्.

आवाज आत गेला. आणि तिथेच बसून राहिला.

मिरचीने मान वर केली. पाहुणी तिच्याकडे डोळे मोठे करून बघत होती. मिरचीला आता फक्त 'हो' म्हणायचं होतं. मग आई म्हणाली असती, शाबास! पण ती शाबासकी पाहुणीला मिळाली असती. पुन्हा फोन झाला असता. हिचा कान बघ, हिचा कान बघ!

"भरीव आहे," मिरची मोठ्याने म्हणाली. "काही नाही झालेलं. हिला ना, आता सगळीकडे वाळवीच दिसते!"

सगळे हसले. आईही हसली. "बरं झालं बाई," म्हणून ती पंप सावरत निघून गेली. मिरचीने म्हटलं म्हणजे बघायचं कारणच नव्हतं!

पाहुणीचे कान लाल झाले.  शेपटाने मात्र खांबावर चमचा मारला, कान लावला आणि ताईकडे बघत उभा राहिला.

"काय बघतोस?" मिरची खेकसली.

"काही नाही," शेपूट म्हणाला.

०

मिरचीला वाटलं होतं, मजा येईल. पण रात्रीच्या जेवणात मजा कुठेच सापडेना. पाहुणी ताटाकडे बघत जेवली. झोपताना भिंतीकडे तोंड करून तिने एकच विचारलं, "तुला खरंच भरीव वाटला?"

"हो म्हटलं ना!"

"बरं," पाहुणी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी स्पर्धेचे बाकीचे खेळ संपत आले तेव्हा मिरचीने आईच्या पेटीतला जुना स्क्रू-ड्रायव्हर उचलला आणि ती गॅलरीखाली शिरली. खांब खरंच भरीव निघावा, असं तिला फार वाटत होतं. तसं निघालं असतं तर ती खोटारडी ठरली नसती!

तिने खांबाच्या पायथ्याशी टोक टेकवलं आणि हलकेच दाबलं. हिरवा रंग फुटला. स्क्रू-ड्रायव्हर आत गेला. जातच राहिला. बिस्किटात सुरी जावी तसा मुठीपर्यंत आत गेला! बाहेर काढला तर टोकाला भुसा आणि त्यात चार-पाच पांढऱ्या, वळवळणाऱ्या वाळव्या!

"आई गं!"

"पोकळ," तिच्या मागून शेपूट गंभीरपणे म्हणाला.

"तू इथे काय करतोयस?"

"तुझ्यामागे आलो. ताई, ही मातीची वेल कुठे चाललीये?"

खांबाच्या मागच्या बाजूला बोटाएवढी जाड, ओलसर मातीची रेघ होती. वाळवी असाच मातीचा बोगदा बांधून आतून ये-जा करते. रेघ खांबावरून जमिनीवर उतरली होती आणि पार कोपऱ्यातल्या अडगळीत गेली होती. दोघांनी गोणपाटं ओढली. खाली एक कुरतडलेली फळी होती. तिला चिठ्ठी अडकवलेली होती. मिरचीने धूळ पुसून वाचलं.

'ठोका स्पर्धा. नमुना क्रमांक चार. वाळवी जिवंत आहे. खेळ संपताच जाळून टाकणे.'

कुणीच जाळली नव्हती! गेल्या वर्षीच्या स्पर्धेसाठी हौसेने आणलेली खरीखुरी वाळवी साठ तज्ज्ञ इथेच विसरून गेले होते. वर्षभर ती शांतपणे गॅलरी खात बसली होती. आणि तज्ज्ञांनी वरून छान हिरवा रंग दिला होता!

मिरची धावत सुटली. पंपकाका शिट्टी पुसत उभे होते.

"काका, पाचवा खांब आतून संपलाय! गॅलरीत कुणाला चढू देऊ नका!"

पंपकाकांनी तिच्याकडे बघितलं. "काल तूच ना म्हणालीस, भरीव आहे?"

"हो, पण..."

"आणि आज पोकळ झाला? एका रात्रीत?" त्यांनी मान हलवली. "हे बघ बाळ, यंदा पट्टा मिळाला नाही म्हणून असा खेळ मोडायचा नसतो. रुसू नये."

 ती पिंजरेकाकांकडे धावली. ते तर मिशीत हसले. "पंपवाल्याने पाठवलं ना तुला? दोघांचे गुण सारखे झाले म्हणून घाबरला वाटतं! जा, सांग त्याला, ठोका होणारच!"

"पण काका, चिठ्ठी बघा तरी!"

"खेळानंतर!"

मग आई! आई ऐकेल! पण आई होती कानखोलीत. ठोक्याच्या आधी अर्धा तास ठोका देणाऱ्यांना एका खोलीत कापसाने कान बंद करून बसवत. फळ्या मांडताना होणारा आवाज त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. दाराशी एक जाडजूड फवारणीवाला पहारा देत होता.

"मला फक्त एक वाक्य बोलायचंय!" मिरची काकुळतीला आली.

"सगळ्यांना एकच वाक्य बोलायचं असतं," पहारेकरी म्हणाला. "पळ!"

आणि तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला, "आता ठोका! प्रेक्षकांनी गॅलरीत बसून घ्यावं!"

०

नियमबुवा हातात नियमावली घेऊन उभा होता. मिरचीने त्याला एका दमात सगळं सांगितलं. चिठ्ठी दाखवली. त्याचा चेहरा पडला. माणसं गॅलरीच्या पायऱ्यांकडे निघाली होती. आज्या, काका, कडेवरची बाळं.

"नियमावलीत गॅलरी पडली तर काय, ते लिहिलेलं नाही," तो पुटपुटला.

"नियम ठेव रे बाजूला! यांना थांबवायचं कसं?"

"पाटी!" शेपूट म्हणाला.

"कसली पाटी?"

शेपूट पळत गेला आणि आपल्यापेक्षा मोठी पाटी ओढत घेऊन आला. 'रंग ओला आहे.'

मिरची आणि नियमबुवा एकमेकांकडे बघतच राहिले. पुढच्या क्षणी पाटी पहिल्या पायरीवर उभी होती!

आणि काय गंमत! वाळवी म्हटल्यावर जे हसत होते, ते रंग म्हटल्यावर जागच्या जागी थांबले. "अगंबाई, माझी नवी साडी!" "अहो, मागे सरका, पँटला लागेल!" पायऱ्यांखाली मोठी गर्दी झाली, पण वर कुणी चढेना.

"हे किती वेळ टिकणार?" नियमबुवाने विचारलं.

"पंपकाका येईपर्यंत. मला दहा मिनिटं हवीत!"

"कशाला?"

मिरची पळत सुटलीसुद्धा. तिला माहीत होतं, आता एकच रस्ता उरलाय. ठोका सुरू झाला की सगळे गप्प होतात. पंपकाका, पिंजरेकाका, सगळे. डोळे बांधलेल्या आईला जोडीदार हाताला धरून आणते आणि आई बोलते ते सगळ्यांना ऐकावंच लागतं. आईला त्या खांबापाशी नेऊ शकेल अशी एकच व्यक्ती होती.

पाहुणी मैदानाच्या कडेला एकटी उभी होती. कमरेला लाल पट्टा. इतके दिवस तो पट्टा मिरचीच्या डोळ्यांत खुपत होता. आत्ताही खुपला.

"ऐक," मिरची म्हणाली. "काल... मी खोटं बोलले. मला ऐकू आलं होतं. तुझं बरोबर होतं."

पाहुणी म्हणाली, "मला माहीत होतं."

"माहीत होतं? मग बोलली का नाहीस? भांडायचं ना माझ्याशी!"

"तुझं घर आहे," पाहुणी म्हणाली. "तुझी आई आहे. माझं कोण ऐकणार?" मग तिने मान खाली घातली. "आमच्याकडे बाळ आलंय ना. सगळे दिवसभर त्याच्याभोवती. तो शिंकला तरी कौतुक! मला इकडे पाठवून दिलं. मावशीने मला एकटीला काहीतरी शिकवलं, तर मला वाटलं... जाऊ दे."

मिरचीला एकदम कसंतरीच झालं. म्हणजे हिलाही तसंच होत होतं! अगदी तसंच, आई दुसऱ्याच कुणाची झाल्यासारखं!

तिने घाईघाईने स्क्रू-ड्रायव्हर आत कसा गेला, चिठ्ठीत काय लिहिलंय, ते सांगितलं. पाहुणीचा हात लगेच पट्ट्याच्या गाठीवर गेला. "मग हा तू घाल. तू ने मावशीला. शोधलंस तू."

गाठ सुटलीसुद्धा! पट्टा मिरचीच्या समोर लोंबकळत होता. हात पुढे केला की झालं! सगळ्या व्यायामशाळेसमोर आईचा हात धरून जायचं, खांब दाखवायचा, मग टाळ्या, मग शाबासकी...

मिरचीने पट्टा घेतला. आणि पाहुणीच्या कमरेला परत बांधला. जरा जोरातच बांधला.

"आई गं! दुखतंय!"

"दुखू दे. पहिल्यांदा तू ऐकलंस. तूच ने. पाचवा खांब, विसरू नकोस!"

तेवढ्यात पायऱ्यांकडून गर्जना आली. "हा कुणाचा चावटपणा? रंग कालच वाळलाय!" पंपकाकांनी पाटी उचलून फेकली होती. माणसं भराभर वर चढू लागली.

०

शिट्टी झाली. सगळीकडे शांतता. कानखोलीचं दार उघडलं आणि पाहुणीने डोळे बांधलेल्या आईला हाताला धरून बाहेर आणलं. मैदानाच्या मधोमध सहा फळ्या मांडलेल्या होत्या. पाहुणी त्यांच्याजवळ आली. आणि सरळ पुढे निघून गेली!

"अरे! अरे! फळ्या इकडे आहेत!" पिंजरेकाका ओरडले.

"श्श! बाबा, नियम तीन, बोलायचं नाही!" नियमबुवाने नियमावली उंच धरली. "आणि नियम सात! जोडीदार नेईल त्या लाकडावर ठोकायचं. कुठलं लाकूड, ते लिहिलेलंच नाही!"

पिंजरेकाकांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

पाहुणीने आईचा हात खांबावर ठेवला. आईची बोटं रंगावरून फिरली. तिच्या कपाळावर आठी उमटली. ही फळी नव्हती. ती गोंधळली. तरीही तिने मूठ उचलली.

टक्.

मिरचीने श्वास रोखला. आईने जरा खाली ठोकलं. टक्. मग जमिनीलगत. टक्.

वर गॅलरीत कुणीतरी पाय हलवला. लाकूड बारीकसं करकरलं. एवढंच. पण आईने पट्टी डोळ्यांवर असतानाच मान वर केली.

"वर माणसं आहेत का?"

"हो, मावशी."

"सगळ्यांनी खाली या," आई म्हणाली. ती ओरडली नाही, पण व्यायामशाळेच्या टोकापर्यंत ऐकू गेलं. "एकेक करून. पळू नका, उड्या मारू नका. लहान मुलं आधी. हा खांब संपलाय."

आणि कुणीही हसलं नाही. एकही जण नाही! ही बाई ठोक्यात आजवर एकदाही चुकली नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. माणसं गुपचूप उतरू लागली. शेवटची आजी जमिनीवर पोचली तेव्हा मिरचीने सोडलेला श्वास शेजारच्या तिघांना ऐकू आला.

पंपकाका तरातरा आले. "कमाल करता ताई! हा खांब मी स्वतः..." असं म्हणत त्यांनी खांबावर बोट आपटलं. बोट आत गेलं! पेरापर्यंत! त्यांनी ते ओढून काढलं, त्याबरोबर हातभर रंगाची साल सोलून आली आणि भसाभस भुसा त्यांच्या चकचकीत बुटांवर सांडला. तेवढ्यात वरून 'कड्' असा आवाज झाला आणि गॅलरीचा तो कोपरा वीतभर खाली बसला.

सगळे भिंतीला चिकटले.

"भरीव?" शेपटाने पंपकाकांना विचारलं.

मिरचीने चिठ्ठी पुढे केली. पिंजरेकाकांनी ती मोठ्याने वाचली आणि शेवटच्या ओळीला त्यांचा आवाज बारीक झाला.

"नमुना तुम्ही आणला होता!" ते म्हणाले.

"जाळायचं काम तुमच्याकडे होतं!" पंपकाका म्हणाले.

"तुम्ही म्हणालात, आमच्या नमुन्याला हात लावायचा नाही!"

"तुम्ही म्हणालात, आम्हाला कुणी शिकवायचं नाही!"

"पुरे!" आई म्हणाली. पट्टी आता तिच्या गळ्यात होती. "साठ माणसं रोज दुसऱ्यांच्या घरातली वाळवी शोधत हिंडतो आपण. इथे मात्र रंग देत बसलो. आणि नियमबुवा म्हणतोय, मिरची तुम्हा दोघांकडे आली होती ना सांगायला?"

दोघा काकांनी एकदमच बुटांकडे बघितलं.

शेवटी पिंजरेकाका पुढे झाले. त्यांनी सोनेरी पिंजरा उचलला, पंपकाकांच्या हाताला धरून त्यांनाही पुढे ओढलं आणि दोघांनी मिळून तो मुलांपुढे ठेवला. "आम्ही चुकलो, पोरांनो. यंदा हा तुमचा. तुमच्यामुळे आज आमच्या घरची माणसं सुखरूप आहेत." एवढ्या टाळ्या पडल्या की भिंतीवरची पाल घाबरून पळाली आणि साठ जणांपैकी एकानेही तिच्याकडे लक्ष दिलं नाही. शेपटाने लगेच पिंजरा डोक्यावर घालून बघितला. तो अडकला. नियमबुवाने त्याला तेल लावून सोडवलं.

टाळ्या थांबल्यावर आई मिरचीजवळ आली. "तुला काल ऐकू आलं नव्हतं?"

'नव्हतं' म्हणणं फार सोपं होतं. पाहुणी शेजारीच उभी होती आणि तिने मुद्दामच दुसरीकडे बघितलं.

"आलं होतं," मिरची म्हणाली.

 आईने मिरचीच्या केसांत अडकलेला हिरव्या रंगाचा तुकडा काढला. "पाण्याचा पंप खाली ठेवून मी स्वतः यायला हवं होतं," ती म्हणाली. "आणि त्या दुपारी तुला उठवायलाही हवं होतं. झोपलेली दिसलीस, तर वाटलं, झोपू दे." तिने दोघींचे हात धरले आणि पाहुणीलाही जवळ ओढलं. "पण मिरची, वर तीस-चाळीस माणसं बसली होती."

"माहीत आहे," मिरची म्हणाली आणि मग तिला रडूच आलं.

०

संध्याकाळी सगळे चालत घरी निघाले. आई पुढे फोनवर बोलत होती. मावशीचा फोन होता. उद्या सकाळी पाहुणीचे बाबा तिला न्यायला येणार होते. आई सांगत होती, "अगं, दोघींनी मिळून!" आणि पाहुणी तिच्या शेजारून उड्या मारत, मध्येच फोन ओढून घेत, बाळ आज शिंकलं का ते विचारत होती.

मिरची मागून येत होती. उद्यापासून स्वयंपाकघरात फळ्या मांडल्या की समोर तीच बसणार होती. एकटी. आई फक्त तिची. इतके दिवस हेच तर हवं होतं! मग पलंगाची दुसरी बाजू रिकामी दिसेल, हे मध्येच कुठून डोक्यात आलं?

टक्. टक्.

तिच्या पाठीवर चमचा वाजला. शेपटाने धावत येऊन तिच्या कमरेला मिठी मारली आणि पाठीला कान लावला. बराच वेळ ऐकलं.

"ताई," त्याने विचारलं, "उद्या ती गेली की तुला बरं वाटणार आहे, की वाईट?"

  पुढे पाहुणी मागे वळून हाक मारत होती, "चला ना गं लवकर!" आणि शेपूट कान लावून तसाच उभा होता.